रॅमवरच्या चिप्स मोजा: एच५५ बोर्ड नवी ४ जीबी स्टिक का नाकारतो

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. डीटीपीच्या कामाचा डेस्कटॉप, इंटेलचा आय३-५४० प्रोसेसर, एच५५ चिपसेटचा मदरबोर्ड, रॅमला दोनच स्लॉट. इतकी वर्षं २ जीबीच्या दोन स्टिक्सवर काम चाललं. आता लग्नसराईत पत्रिका आणि फ्लेक्सच्या फाइल्स कोरलड्रॉमध्ये एकाच वेळी उघड्या राहतात आणि मशीन अडकतं, म्हणून ४ जीबीच्या दोन कोऱ्या डीडीआर३ (रॅमची एक पिढी) स्टिक्स आणल्या. बसवल्या तर पंखे फिरतात, डिस्प्ले येत नाही. एकेक लावून पाहिली, स्लॉट बदलले, तेच. जुन्या परत लावल्या की मशीन नीट सुरू होतं. नव्या स्टिक्स दुकानदाराच्या मशीनवर तुमच्यासमोर चालल्या. दुकानदाराचं म्हणणं, बोर्ड म्हातारा झाला, ४ जीबीच्या वर तो घेणार नाही, बोर्ड-प्रोसेसर-रॅम सगळं एकदम बदला.

या कारणासाठी तरी काहीही बदलू नका. तुमचा बोर्ड चांगला आहे, स्टिक्सही चांगल्या आहेत. त्यांचं जमत नाही एवढंच, आणि ते का जमत नाही हे त्या स्टिकवरच दिसतं.

नवी स्टिक हातात घ्या आणि काळ्या चिप्स मोजा. दोन्ही बाजूंनी. मला जवळजवळ खात्री आहे की तुम्हाला एकाच बाजूला आठ चिप्स दिसतील आणि मागची बाजू कोरी हिरवी असेल. तिच्यावरचं लेबल वाचा. क्षमता आणि वेगाच्या शेजारी इंग्रजीत छोट्या अक्षरांत ‘१आरएक्स८’ असं छापलेलं असेल. तुमच्या बोर्डाला हवी असलेली ४ जीबीची स्टिक सोळा चिप्सची असते, आठ पुढे, आठ मागे, आणि तिच्यावर ‘२आरएक्स८’ असतं.

आता हिशेब बघा, कारण एकदा हा हिशेब कळला की पुढच्या प्रत्येक रॅमखरेदीत तो उपयोगी पडेल. चिपची क्षमता गिगाबिटमध्ये मोजतात, स्टिकची गिगाबाइटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट. आठ चिप्सवर ४ जीबी बसवायचे तर एकेक चिप ४ गिगाबिटची लागते. सोळा चिप्सवर तेच ४ जीबी बसवायचे तर २ गिगाबिटची चिप पुरते. दोन्ही स्टिक्स ४ जीबीच्याच, दोन्ही डीडीआर३, दोन्ही २४० पिनांच्या, खाच एकाच जागी, लेबलवर वेगही तोच. दुकानदाराच्या बिलावर त्यांच्यात काडीचा फरक दिसणार नाही.

पण तुमच्या प्रोसेसरला दिसतो. मेमरीची चिप आतून तक्त्यासारखी असते, ओळी आणि स्तंभ. तिच्यातली जागा सांगायची तर आधी ओळीचा पत्ता द्यायचा, मग स्तंभाचा. डीडीआर३ मधल्या आठ बिट रुंद, २ गिगाबिटच्या चिपमध्ये ओळीचा पत्ता १५ बिटांचा असतो, म्हणजे प्रत्येक बँकेत, चिपच्या आतल्या प्रत्येक कप्प्यात, ३२,७६८ ओळी. ४ गिगाबिटच्या चिपमध्ये तो १६ बिटांचा होतो, ओळी दुप्पट, ६५,५३६. जानेवारी २०१० मध्ये आय३-५४० बाजारात आला, तेव्हा त्याचा मेमरी कंट्रोलर, म्हणजे प्रोसेसरमधला रॅम सांभाळणारा भाग, २ गिगाबिटपर्यंतच्या चिप्स धरून बनवलेला होता. त्याच्या मान्य चिप्सच्या यादीत त्यापुढची चिपच नाही. म्हणून इंटेलच्या कागदावर या पिढीची मर्यादा १६ जीबी लिहिलेली असते. चार स्लॉट, प्रत्येकी ४ जीबी, आणि ती ४ जीबीही सोळा चिप्सवाली. तुमच्या बोर्डाला दोन स्लॉट, म्हणून ८ जीबी. दुकानदाराचं ‘४ जीबीच्या वर घेणार नाही’ हे त्यामुळे चूक आहे. मात्र त्याने हे बहुधा फसवायला सांगितलेलं नाही. त्याच्याकडे आज नवी मिळणारी जवळजवळ प्रत्येक ४ जीबी डीडीआर३ स्टिक आठ चिप्सचीच असते, आणि ती अशा बोर्डांवर चालत नाही हे त्याने अनेकदा पाहिलंय. त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष तेवढा चुकला.

मशीन सुरू होताना बायोस, म्हणजे बोर्डावरचं सुरुवातीचं सॉफ्टवेअर, आधी स्टिकवरची एक चिमुकली आठ पायांची चिप वाचतं. तिला एसपीडी म्हणतात, आणि स्टिकची सगळी कुंडली तिच्यात असते: किती क्षमता, किती चिप्स, ओळी किती, स्तंभ किती, वेग आणि व्होल्टेज किती. न समजणारी कुंडली समोर आली की वेगवेगळे बोर्ड वेगवेगळे वागतात. काही तिथेच थांबतात आणि पडदा काळा राहतो. काही चिपचा अर्धा भाग गृहीत धरून पुढे जातात आणि ४ ऐवजी २ जीबी दाखवतात. बायोस अपडेट करा, असा सल्ला तुम्हाला कुणी ना कुणी देईल. इथे त्याचा उपयोग नाही. मर्यादा प्रोसेसरच्या आतल्या कंट्रोलरची आहे. त्याच सॉकेटमध्ये, म्हणजे ११५६ मध्ये, बसणारा आय५ किंवा आय७ टाकूनही ती सुटत नाही, कारण त्या पिढीत सगळ्यांची मर्यादा हीच. पुढच्या पिढीचा प्रोसेसर ११५५ सॉकेटचा, तो या बोर्डात बसतच नाही.

मला हे उमगलं ते २०१३ मध्ये, एका तालुक्याच्या गावी. कॉम्प्युटर क्लासच्या सहा मशीन्सची रॅम वाढवायची होती. एकाच खोक्यातल्या सहा स्टिक्स घेऊन गेलो. चार मशीन्स लगेच उठली. पाचव्याला डिस्प्ले नाही. सहावं सुरू झालं, पण ४ च्या जागी २ जीबी दाखवायला लागलं. मी दोन्ही स्टिक्स खराब धरल्या आणि त्या चालणाऱ्या मशीनमध्ये टाकल्या, तर तिथे त्या ठणठणीत. मग स्लॉट खराब धरले, ब्रशने साफ केले, स्पिरिटने पुसले. दुपार गेली. संध्याकाळी क्लासच्या बाईंनी घरच्या मशीनची एक जुनी ४ जीबी स्टिक आणून दिली, कंपनी वेगळी, वेग कमी, आणि ती पाचव्या मशीनमध्ये पहिल्या झटक्यात चालली. तेव्हा दोन्ही स्टिक्स टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि ट्यूबलाइटखाली नीट पाहिल्या. एक दोन्ही बाजूंनी भरलेली, दुसरी एका बाजूने रिकामी. चार मशीन्स पुढच्या पिढीच्या एच६१ बोर्डांची होती, दोन एच५५ ची. तेव्हापासून जुन्या मशीनसाठी रॅम घेताना मी लेबलआधी पाठ पाहतो.

तरीही माझ्या शब्दावर थेट पैसे खर्च करू नका. पंधरा मिनिटं द्या आणि घरीच खात्री करून घ्या. मशीन बंद करा, मागची वायर काढा, आणि वायर काढल्यावर पॉवरचं बटण पाचेक सेकंद दाबून धरा, म्हणजे एसएमपीएसमधला, पॉवर सप्लायमधला, उरलेला चार्ज उतरतो. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा आणि मग स्टिकला. आता दोन्ही स्टिक्स काढून, एकही रॅम न ठेवता मशीन चालू करा. बोर्डाला छोटा स्पीकर जोडलेला असेल तर तो ओरडायला लागेल, लांब लांब किंवा सारख्या बीप. हा आवाज चांगला आहे. प्रोसेसर जागा आहे, बायोस चालतंय आणि रॅम नसल्याची तक्रार करतंय, असा त्याचा अर्थ. रॅम नसताना आवाज येतो आणि नवी रॅम लावल्यावर नुसती शांतता, म्हणजे बोर्डाला स्टिक दिसतेय पण पचत नाही, हा माझा नेहमीचा अनुभव. स्पीकर नसेल तर दुकानात स्वस्तात मिळतो, घेऊन ठेवा. माझ्या पेटीत तो स्क्रू-ड्रायव्हरच्या शेजारी असतो.

मग जुनी २ जीबीची एकच स्टिक आधी एका स्लॉटमध्ये, नंतर दुसऱ्यात. दोन्हीकडे मशीन उठलं तर स्लॉटही चांगले. तुमच्या बाबतीत दोन्ही जुन्या एकत्र चालतातच, म्हणजे हे सिद्ध झाल्यातच जमा आहे. तरी एकदा करा, कारण दुकानदाराशी बोलताना हे ठामपणे सांगता येईल. स्टिक बसवताना दोन्ही टोकांचे पांढरे चिमटे आपोआप टक करून बंद व्हायला हवेत. एक टोक बसतं आणि दुसरं केसभर वर राहतं, आणि माणूस आठवडाभर कंपॅटिबिलिटीच्या मागे फिरतो, हे मी मोजता येणार नाही इतक्या वेळा पाहिलंय.

सोनेरी पायांवर पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने दोन्ही बाजूंनी पुसून घ्या आणि रबराचा चुरा स्लॉटपासून लांब झटका. कोकणपट्टीत किंवा मुंबईच्या दमट हवेत वर्षानुवर्षं उघड्या राहिलेल्या कॅबिनेटमध्ये या एवढ्याशा गोष्टीने बंद पडलेली मशीन्स उठतात. तुमच्या नव्या स्टिकला मात्र त्याने फरक पडणार नाही.

आता खरेदी. आजच्या नव्या मालात सोळा चिप्सची ४ जीबी डीडीआर३ स्टिक मिळणं कठीण आहे. ती जुन्या मालात मिळते. २०१० ते २०१२ च्या सुमाराच्या ब्रँडेड ऑफिस मशीन्स मोडीत निघाल्या की त्यांतून अशा स्टिक्स बाहेर येतात. पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे भडकमकर मार्ग, इथे जुन्या रॅमचे ट्रे भरून ठेवणारे लोक आहेत. तुमच्या जवळच्या शहरातही रिफर्बिश्ड मशीन्स विकणारा कुणीतरी असेलच. २०२५ च्या उत्तरार्धात नव्या मेमरीचे भाव चढले तेव्हापासून माझ्याकडेही जुनी स्टिक शोधणारे वाढलेत, त्यामुळे दोन दुकानं फिरायची तयारी ठेवा.

इथे एक सापळा आहे आणि त्यात चिप्स मोजणारा माणूसही अडकतो. ऑनलाइन ‘फक्त एएमडीसाठी’ (एएमडी ही इंटेलसारखीच प्रोसेसर बनवणारी कंपनी) म्हणून स्वस्त डीडीआर३ स्टिक्स विकल्या जातात. त्यांनाही सोळा चिप्स असतात. पण त्या चिप्स आठ बिटांच्या नसून चार बिट रुंदीच्या. स्टिकला एका दमात ६४ बिट द्यायचे असतात. आठ बिटांच्या आठ चिप्स झाल्या की ६४ भरतात, आणि अशा एका संचाला रँक म्हणतात. लेबलवरचा ‘आर’ तोच. म्हणून २आरएक्स८ म्हणजे आठ-आठ चिप्सचे दोन संच. चार बिटांच्या चिप्स घेतल्या तर ६४ भरायलाच सोळा लागतात, आणि तो झाला एकच संच, १आरएक्स४. दिसायला हुबेहूब सारख्या. इंटेलचे डेस्कटॉप प्रोसेसर चार बिटांच्या चिप्स घेत नाहीत. एएमडीचे एएम३ सॉकेटच्या काळातले घेतात. त्यामुळे सोळा चिप्स दिसल्या तरी लेबलवर एक्स८ आहे का ते बघाच, आणि लेबल खरवडलेलं किंवा वर दुसरं चिकटवलेलं असेल तर ती स्टिक ठेवून द्या.

दुसरा सापळा सर्व्हरच्या रॅमचा. ती जुन्या बाजारात भरपूर आणि स्वस्त मिळते. डीडीआर३ मध्ये पिना तेवढ्याच, खाचही तीच, स्लॉटमध्ये बसतेही छान, पण डेस्कटॉप बोर्ड तिच्यावर उठत नाही. लेबलवर पीसी३-१०६०० च्या मागे अक्षर असतं. यू म्हणजे साधी, अनबफर्ड, ती तुमची. आर म्हणजे रजिस्टर्ड, ती सर्व्हरची. ई म्हणजे ईसीसी, तपासणीच्या जास्तीच्या चिपसह. चिप्स मोजताना एका बाजूला आठऐवजी नऊ भरल्या तर समजा ईसीसी आहे. आणि १०६०० हा आकडा बघून बिचकू नका, १३३३ हा वेग गुणिले ८ एवढाच त्याचा अर्थ. १२८०० म्हणजे १६००.

वेगाबद्दल लोक उगाच जास्त काळजी करतात. तुमचा प्रोसेसर १०६६ आणि १३३३ वर चालतो. १६०० ची स्टिक लावली तर ती खाली उतरून १३३३ वर चालेल, बिघडणार काही नाही. दोन वेगवेगळ्या वेगांच्या लावल्या तर दोन्ही हळू असलेलीच्या चालीने चालतील. कंपन्या वेगळ्या असल्या तरी बहुधा चालतं, फक्त दोन्ही स्लॉटमध्ये सारखी क्षमता असली तर ड्युअल चॅनेल, म्हणजे दोन्ही स्टिक्सशी एकाच वेळी देवाणघेवाण, पूर्ण मिळतं. सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पाहाल तेव्हा १३३३ च्या जागी ६६६ दिसेल आणि फसवलं गेल्यासारखं वाटेल. डीडीआर मेमरी घड्याळाच्या एका ठोक्याला दोनदा माहिती देते, ते सॉफ्टवेअर ठोके मोजतं. दुप्पट करा, झालं. व्होल्टेजचं म्हणाल तर डीडीआर३ ला १.५ व्होल्ट लागतात, डीडीआर३एल १.३५ वर चालते पण १.५ ही सहन करते, म्हणून एलवाली जुन्या बोर्डाला चालते. उलटं मात्र नेहमी खरं नाही. इंटेलच्या सहाव्या पिढीच्या काही बोर्डांना डीडीआर३एल चे स्लॉट होते, आणि त्यांत साधी १.५ व्होल्टची डीडीआर३ घालू नका असं इंटेलनेच सांगितलं होतं.

रॅम विकत घेण्याआधी आणखी एक गोष्ट बघा. तुमच्या मशीनवर विंडोज ३२ बिटचं आहे की ६४ बिटचं? ‘कॉम्प्युटर’वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, तिथे लिहिलेलं असतं. डीटीपीवाल्यांच्या मशीनवर मी आजही ३२ बिटचं विंडोज ७ पाहतो, कारण मराठी फॉन्टचं जुनं सॉफ्टवेअर आणि त्याचा डोंगल, म्हणजे ज्याच्याशिवाय ते सुरू होत नाही ती मशीनला लावायची किल्ली, त्यावर बसलेला असतो. ३२ बिटच्या विंडोजमध्ये ८ जीबी लावली तरी वापरायला साडेतीन जीबीच्या आसपासच मिळेल, बाकीची पडून राहील. म्हणजे अगदी बरोबर स्टिक्स शोधून, भाव करून आणाल आणि हाती काही लागणार नाही. ६४ बिटवर जायचं तर आधी डोंगलचा ड्रायव्हर ६४ बिटचा मिळतो का ते पाहा, स्कॅनर आणि प्रिंटरचाही. ३२ बिटचे प्रोग्रॅम ६४ बिटच्या विंडोजवर चालतात, ३२ बिटचे ड्रायव्हर चालत नाहीत, आणि फार जुने १६ बिटचे इन्स्टॉलरही चालत नाहीत. तुमचा सगळा धंदा त्या डोंगलवर असेल तर ही चौकशी रॅमच्या आधी करा. ड्रायव्हर मिळत नसेल तर रॅमचा नाद सोडून तेच पैसे साटा एसएसडीत, हार्ड डिस्कऐवजी लावायच्या वेगवान डिस्कमध्ये, घाला. अडकणारं मशीन मोकळं करायला तिची मदत मोठी होते, आणि तिला बिटांची अडचण नाही.

६४ बिटचं विंडोज असूनही ८ पैकी कमी जीबी वापरायला मिळतेय असं दिसलं, तर एमएसकॉन्फिगमध्ये बूटच्या प्रगत पर्यायांत ‘मॅक्सिमम मेमरी’ला कुणी टिक करून ठेवलीय का पाहा, आणि बायोसमध्ये मेमरी रीमॅपचा पर्याय चालू आहे का पाहा. एक स्लॉट पूर्ण गायब असेल तर प्रोसेसरचा कूलर काढून सॉकेटमधल्या पिना बॅटरीच्या उजेडात तपासा. इंटेलच्या या बोर्डांत पिना सॉकेटमध्ये असतात, आणि मेमरीच्या तारा थेट तिथून निघतात. एक पिन वाकली की एक अख्खं चॅनेल जातं. कूलरचा एक कोपरा जास्त दाबला गेला तरी असं होताना मी पाहिलंय. चारही कोपरे सैल करून समोरासमोरचे थोडे थोडे आवळत आणले आणि हरवलेला स्लॉट परत आला.

हाच रोग दर पिढीत नव्या आकड्याने येतो, म्हणून तुमच्या ओळखीच्या इतर मशीन्ससाठी थोडं सांगून ठेवतो. डीडीआर३ वाल्या जी४१ बोर्डांची गत तुमच्यासारखीच, सोळा चिप्सची ४ जीबी, जास्तीत जास्त दोन. एच६१, म्हणजे इंटेलची दुसरी-तिसरी पिढी, ४ गिगाबिटच्या चिप्स घेते, त्यामुळे तिथे ८ जीबीच्या दोन स्टिक्स चालतात, १६ जीबीची एक चालत नाही. चौथ्या पिढीलाही १६ जीबीची डीडीआर३ स्टिक पचत नाही, कारण तिला ८ गिगाबिटच्या चिप्स लागतात. सहाव्या-सातव्या पिढीत इंटेलच्या कागदावर ६४ जीबीच, म्हणजे चार स्लॉटमध्ये १६-१६. ३२ जीबीची एक स्टिक त्या हिशेबात बसत नाही. बाराव्या पिढीचा प्रोसेसर डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही ओळखतो, पण बोर्ड त्यातलं एकच घेतो, आणि दोन्हींच्या पिना २८८ असल्या तरी खाच वेगळ्या जागी असते. जोर लावून बसवू नका, स्लॉट तुटतो.

डीडीआर५ वाल्यांची एक भीती मात्र वेगळीच. एएमडीच्या एएम५ बोर्डावर नवी रॅम लावल्यावर पहिल्यांदा पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. कंट्रोलर त्या वेळात प्रत्येक तारेचं टायमिंग जुळवत असतो. माणूस घाबरून मधेच बटण दाबतो, मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतं, आणि हे चक्र चालू राहतं. चहा करायला जा. आणि तिथे चार स्टिक्स भरायच्या मोहात पडू नका. रायझन ७००० प्रोसेसरला दोन स्टिक्सवर एएमडी ५२०० चा वेग सांगते, चार लावल्या की ३६००. दोन मोठ्या घ्या.

तुमच्याकडे परत येतो. योग्य स्टिक्स मिळाल्या, मशीन उठलं, ८ जीबी दिसली की लगेच कामाला बसू नका. जुनी रॅम आहे, रात्रभर तपासा. तुमच्या बोर्डाचं बायोस जुन्या पद्धतीचं असणार, आणि मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या हल्लीच्या आवृत्त्या त्यावर सुरू होत नाहीत. म्हणून मेमटेस्ट८६प्लस घ्या. ते मोफत आहे, आणि २०२२ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून जुनं बायोस आणि नवं यूईएफआय दोन्हीवर चालतं. पेनड्राइव्हवर टाका, त्यावरून बूट करा, झोपायला जा. सकाळी एकही लाल ओळ असेल तर ती स्टिक परत. एखादी चूक चालेल असं इथे काही नसतं. मेमरीतला एक बिट उलटला की तुमची कोरलची फाइल तशीच बिघडलेली सेव्ह होते, आणि ते कळतं चार दिवसांनी, गिऱ्हाईक समोर उभं असताना. लाल ओळी आल्या तर एकेक स्टिक वेगळी तपासा, मग कोणती खराब ते कळेल. दोन्ही एकेकट्या चांगल्या आणि एकत्र चुकत असतील, तर बायोसमध्ये वेग १३३३ वरून १०६६ वर आणून पाहा. कामात फरक जाणवणार नाही, चुका बहुधा थांबतील.

जुन्या बाजारात जाताना तुमची २ जीबीची एक स्टिक खिशात घेऊन जा, अँटिस्टॅटिक पिशवी नसेल तर साध्या कागदात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. बिलावर ‘आठ दिवसांत बदलून मिळेल’ असं लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं दुसऱ्या दिवशी दुकानातल्या पोराला माहीत नसतं. आणि दुकानदाराला चिठ्ठी द्या, तिच्यावर एवढंच लिहा: डीडीआर३ डेस्कटॉप, ४ जीबी, दोन नग, पीसी३-१०६००यू किंवा १२८००यू, २आरएक्स८, दोन्ही बाजूंनी मिळून सोळा चिप्स, इंटेलसाठी.

आता घेतलेल्या आठ चिप्सच्या स्टिक्स परत होत नसतील तर पडून ठेवू नका. त्या कोऱ्या आहेत. तुमच्या ओळखीत कुणाकडे एच६१ किंवा चौथ्या पिढीचं डीडीआर३ मशीन असेलच, आणि त्याच्याकडे त्याच काळातली सोळा चिप्सची ४ जीबी स्टिक निघायची शक्यता बरीच आहे. त्याची पाठ पाहा, अदलाबदल करा. मी क्लासच्या त्या दोन मशीन्सचं शेवटी असंच केलं होतं. चालणाऱ्या चारांपैकी दोन मशीन्समध्ये आधीपासून सोळा चिप्सच्या ४ जीबी स्टिक्स बसलेल्या होत्या. त्या काढून एच५५ वाल्यांत घातल्या, आणि नव्या स्टिक्स त्यांच्या जागी. सहाही मशीन्स त्या रात्री चालू झाली.